‘नेतो’, ‘पाठवतो’, ‘करू देतो’

‘आमचे हे फार चांगले आहेत हो! दरवर्षी कुठे ना कुठे फिरायला नेतात, वर्षातून दोनदा माहेरी पाठवतात, नोकरीसुद्धा करू देतात.’

हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने ऐकलेलं आहे. हळदीकुंकवात ऐकलंय, बचत गटाच्या बैठकीत ऐकलंय, आणि समुपदेशन केंद्राच्या टेबलासमोर, गालावरचा वळ पदराने झाकून घेतलेल्या बाईच्या तोंडूनही ऐकलंय. ऐकलं की आपण मान डोलावतो. नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, वर बायकोला महाबळेश्वर दाखवतो, मग त्याला चांगला म्हणायचं नाही तर कुणाला?

मैत्रिणींनो, या वाक्यातल्या माणसाच्या स्वभावाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो चांगला असेलही. मला बोलायचंय ते या वाक्यातल्या तीन क्रियापदांबद्दल: नेतो, पाठवतो, करू देतो. तिन्हींचा कर्ता तो आहे. जाणारी ती, पण तिला नेलं जातं. माहेर तिचं, पण पाठवणारा तो. नोकरीत राबणारी ती, पण करू देणारा तो. हीच वाक्यं उलट करून पाहा. ‘मी ह्यांना दरवर्षी फिरायला नेते, त्यांच्या आईकडे पाठवते, नोकरी करू देते.’ हसू येतं ना? ज्या वाक्याची बाजू बदलली की विनोद होतो, त्या वाक्यात प्रेमापेक्षा मालकी जास्त असते.

कुटुंबातल्या हिंसाचाराबद्दल आपण गेली चाळीस-पन्नास वर्षं बोलतोय. हुंड्याबद्दल, मारहाणीबद्दल बोललो, मोर्चे काढले, कायदे करून घेतले. कुटुंबातल्या चांगुलपणाबद्दल मात्र आपण फारसं बोललो नाही. जिथे काही वाईट घडत नाही तिथे चळवळीचं काय काम, असं आपणही धरून चाललो. म्हणूनच रविवारची सहल, वाढदिवसाची साडी, ‘आज चहा मी करतो’ म्हणणारा नवरा, हे सगळं आपल्या विश्लेषणाबाहेर राहिलं. पण बाई घरात दुय्यम आहे हे तिला रोज मारून शिकवलं जात नाही. बहुतेक घरांत ते गोडीनेच शिकवलं जातं.

फोटोत तर हसतेय!

हा शब्दांचा कीस आहे असं कुणाला वाटेल. म्हणून आमच्या केंद्रात आलेली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

लग्नाला अकरा वर्षं झालेली, दोन मुलं. बाई घरी शिवणकाम करायची आणि त्याचे पैसे नवऱ्याच्या हातात द्यायची. आईच्या औषधासाठी आठशे रुपये तिने न विचारता वापरले, त्यावरून मार खाल्ला. पहिल्यांदाच नव्हे. संयुक्त बैठकीला नवरा आला, त्याचे काका आले, तिचा भाऊ आला. नवरा आवाज न चढवता बोलत होता. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि फोटो दाखवायला सुरुवात केली. महाबळेश्वरला घोड्यावर बसलेली ती. शिर्डीच्या वाटेवर उसाचा रस पिताना ती. वाढदिवसाचा केक. ‘बघा मॅडम, मी हिला काय कमी केलंय? आमच्या गल्लीत कुणी नेत नाही बायकोला एवढं.’ मोबाईल हातोहात फिरला. तिच्या भावानेसुद्धा फोटो पाहिले, आणि तोच म्हणाला, ‘फोटोत तर हसतेय की.’

त्या क्षणापासून बैठकीचा नूर पालटला. मारहाण मागे पडली, आठशे रुपये मागे पडले, आणि तिच्या कृतघ्नपणावर चर्चा सुरू झाली. एवढं करतो बिचारा, एखादा हात उठला तर त्याचा एवढा बाऊ? ती स्वतःही गप्प झाली. तिच्याकडे दाखवायला फोटो नव्हते. अकरा वर्षं रोज सकाळी साडेपाचला उठून केलेल्या पोळ्यांचा फोटो कोण काढतं? सासूच्या आजारपणात काढलेल्या रात्रींचा अल्बम कोण बनवतं?

घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा शारीरिक छळाबरोबर मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचार मानतो. भारतीय दंड संहितेतलं जुनं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे. या कायद्यांत कुठेही असं लिहिलेलं नाही की नवऱ्याने वर्षातून दोन सहली काढल्या असतील तर मारहाणीत सूट मिळेल. पण गावच्या बैठकीत, नातेवाइकांच्या मध्यस्थीत, कधी पोलीस ठाण्यात आणि कधी आपल्यासारख्यांच्या टेबलावरसुद्धा हा अलिखित नियम बिनबोभाट चालतो. चांगुलपणाचे असे जमा केलेले पैसे गरज पडली की वटवले जातात. म्हणून हा विषय किरकोळ नाही.

ती बाई त्या दिवशी परत सासरी गेली नाही. तिने राहत्या घराच्या हक्कासाठी आणि पोटगीसाठी अर्ज केला. केस चालू आहे. नवरा दर रविवारी मुलांना बागेत नेतो, आईस्क्रीम देतो आणि संध्याकाळी आणून सोडतो. शेजारी म्हणतात, बाप किती प्रेमळ आहे. सोमवारच्या शाळेचा गृहपाठ, युनिफॉर्म, मुलाची सर्दी, हे तिच्याकडे. तिला कुणी प्रेमळ म्हणत नाही. ती आई आहे, तिने करायलाच हवं.

सहल कुणाची?

आता ज्या घरांत मारहाण नाही तिथे येऊ. कुटुंबाची एक दिवसाची सहल घ्या. ठरवतो तो. बहुतेक वेळा त्याच्या मित्राच्या कुटुंबाबरोबर, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. सहल सुरू होते रविवारी सकाळी सातला, असं तो सांगेल. तिची सहल शनिवारी दुपारीच सुरू झालेली असते. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, गुळाच्या दशम्या, लहान मुलासाठी वेगळा वरणभात, सासूबाईंच्या गोळ्या, सासऱ्यांची मफलर, उलटी होणाऱ्या मुलीसाठी लिंबू आणि प्लॅस्टिकची पिशवी, मुलांचे जादा कपडे, पाण्याच्या बाटल्या, सतरंजी. पहाटे चारला उठून घर आवरायचं, दूध तापवून ठेवायचं, आणि सात वाजता गाडीपाशी उभं राहून ऐकायचं, ‘बायकांना तयार व्हायला वेळच फार लागतो बुवा!’

तिथे पोचल्यावर पुरुष पाण्यात उतरतात, मुलं वाळूत खेळतात. ती सतरंजीवर बसून चपला, पाकिटं, मोबाईल आणि सासूबाईंना सांभाळते. मग डबे उघडते, वाढते, शेवटी स्वतः खाते. परतीच्या वाटेवर सगळे पेंगतात. घरी आल्यावर वाळूने भरलेले कपडे भिजत घालते आणि विचारते, ‘खिचडी टाकू का?’ खिचडी टाकल्यावर कुणीतरी समाधानाने म्हणतं, ‘मजा आली नाही आज?’

‘हे सगळं जुनं झालं, हल्ली डबे कोण नेतं? आम्ही बाहेरच जेवतो, रिसॉर्टला राहतो,’ असं शहरातल्या मैत्रिणी म्हणतील. पुऱ्या गेल्या हे खरं. पण कुणाच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत हे अजून कुणाच्या डोक्यात असतं? मुलाला हॉटेलातलं तिखट चालणार नाही हे कुणाला आठवतं? आणि प्रवासात पाणी कोण पीत नाही? दुपारपर्यंत चांगलं स्वच्छतागृह मिळेल की नाही याचा अंदाज घेत आपण घोटघोट पाणी मोजून पितो. मुंबईत २०११ पासून ‘राईट टू पी’ मोहिमेने हाच प्रश्न मांडला, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे मोजूनही धड जागा मिळत नाही, हे कसं? नवरा कितीही प्रेमाने फिरायला नेवो, शहराने आणि रस्त्याने तिची वाट पाहिलेलीच नसते.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या व्यक्तींपैकी जे घरकाम करतात त्यांच्यात बायका घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. याआधीच्या २०१९च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाचीही नऊ मिनिटं वाचली! आणि लक्षात घ्या, पुरुषांचा आकडा हा फक्त जे काहीतरी करतात त्यांचा आहे. बहुसंख्य पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नाहीत, ते या सरासरीत नाहीतच.

आता त्या ८८ मिनिटांचं नाव काय, तर ‘मदत’. ‘ते मला घरात मदत करतात.’ मदत कुणाला करतात? ज्याचं काम आहे त्याला. म्हणजे काम तिचंच हे आधी ठरलेलं. रविवारचा त्याचा चहा म्हणजे दया, आणि तिचा रोजचा चहा म्हणजे काहीच नाही. ‘आमची ही फार चांगली आहे, रोज मला चहा करून देते’ असं कुणा पुरुषाने चारचौघांत सांगितलेलं तुम्ही ऐकलंय? दुसऱ्यासाठी छोटंमोठं काही करणं हा चांगुलपणा असेल, तर या देशातला सर्वांत जास्त चांगुलपणा बायकांच्या हातून होतो. तो रोज होतो म्हणून दिसत नाही.

न्यायालयांनाही तो दिसतो, पण कधी? बाई अपघातात मेली की. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली गृहिणीच्या कामाला मोल आहे असं सांगितलं आणि जनगणनेत गृहिणींना भिकारी, कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणाऱ्यां’त घालतात यावर नापसंती नोंदवली. २०२१ साली पुन्हा अशाच अपघाताच्या खटल्यात, गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाची दखल घेणं आहे, असं न्यायालय म्हणालं. निकाल चांगलेच आहेत. पण बाईच्या श्रमाचा हिशोब होण्यासाठी तिने गाडीखाली यावं लागतं, ही गोष्ट कुणाला खुपत कशी नाही?

वरून येणारी दया

ही भाषा नवऱ्यापुरती नाही. ती आपल्याही घरात आहे. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना आपण दिवाळीला साडी देतो, उरलेली भाजी देतो, त्यांच्या मुलीला जुनी पुस्तकं देतो. काही घरांत तर त्यांना सहलीलाही नेतात, मुलं सांभाळायला. ‘आम्ही तिला घरच्यासारखंच वागवतो.’ पण आठवड्याची पगारी सुट्टी? आजारपणाची रजा? महागाईप्रमाणे पगारवाढ? तिथे आवाज बदलतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११च्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळाली पाहिजे असं म्हटलं. आपल्या देशाने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. साडी मिळते कारण साडी द्यायची की नाही हे देणारीच्या मर्जीवर असतं. सुट्टी मिळत नाही, कारण ती एकदा दिली की तो हक्क होतो. नवऱ्याला आपण जो प्रश्न विचारतो तो मावशींनी आपल्याला विचारला तर आपल्याकडे उत्तर असलं पाहिजे.

सरकारही नात्याच्याच भाषेत बोलायला शिकलंय. २०२४ साली राज्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. महिना दीड हजार रुपये, आणि पहिले हप्ते नेमके रक्षाबंधनाच्या सुमारास. मी ज्या वस्तीत काम करते तिथे या पैशांनी गॅसची टाकी आली, मुलीची फी भरली, काहींनी पहिल्यांदा स्वतःच्या नावावरच्या खात्यातून स्वतः पैसे काढले. या पैशांना नाक मुरडायचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. माझा आक्षेप नावाला आहे. बहीण लाडकी असते तोवर ओवाळणी मिळते. २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली आणि अनेकींची नावं वगळली गेली, तेव्हा बायका म्हणत होत्या, ‘भावाने दिलं, भावाने काढलं.’ आमच्या हक्काचं काढलं, असं फार थोड्या म्हणाल्या. नागरिक दाद मागू शकते. बहिणीने फक्त रुसायचं असतं.

‘उगाच’ फिरणाऱ्या बायका

याउलटही एक अनुभव आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. एस.टी.त बायकांची गर्दी वाढली आणि चावडीवरची थट्टाही. ‘आता बायका उगाचच फिरायला लागल्या.’ हा ‘उगाच’ शब्द नीट ऐका. बाईने घराबाहेर पडायला कारण लागतं: देव, दवाखाना, माहेर, लग्न, मयत, बाजार. पुरुष पारावर बसतो, पानाच्या टपरीवर उभा राहतो, चौकात गप्पा मारतो, त्याला कुणी कारण विचारत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहून मुंबईच्या बायकांसाठी हाच हक्क मागितला: काही काम नसताना, कारण न सांगता, शहरात रेंगाळण्याचा. खेड्यातल्या आणि वस्तीतल्या बाईलाही तोच हवाय.

आमच्या वस्तीतल्या अठ्ठावीस जणी अर्ध्या तिकिटावर गणपतीपुळ्याला गेल्या. गणपतीपुळेच का? कारण तिथे देऊळ आहे. घरी ‘देवाला जातो’ म्हणता आलं. ‘समुद्र बघायला जातो’ म्हटलं असतं तर निम्म्या आल्या नसत्या. दर्शन अर्ध्या तासात झालं आणि मग सगळ्या वाळूत उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या एक मावशी मला म्हणाल्या, ‘ताई, इथं आता काय करायचं असतं?’ कुणाला वाढायचं नव्हतं, कुणाच्या चपला सांभाळायच्या नव्हत्या, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांना कुणी कधी शिकवलेलं नव्हतं. थोड्या वेळाने त्या गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तशाच उभ्या होत्या. दुपारी बारापासून फोन सुरू झाले. ‘मीठ कुठे ठेवलंयस?’ ‘गॅस कसा लावायचा?’ ‘किती वाजेपर्यंत येणार?’ काही जणी लाजल्या, काही ओशाळल्या. एकीने फोन बंद करून पिशवीत टाकला. परतल्यावर तिला बोलणी बसली. पण पुढच्या सहलीची वर्गणी तिनेच सगळ्यांत आधी आणून दिली.

मग प्रेमाने काहीच करू नये का?

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. ‘तुम्ही बायका प्रेमाचाही हिशोब मांडता. संसार काय वहीवर चालतो?’

हिशोब आम्ही सुरू केला नाही. बैठकीत फोटो काढून दाखवणाऱ्याने तो सुरू केला. ‘एवढं करतो तुझ्यासाठी’ हे वाक्य हिशोबाचंच वाक्य आहे, फक्त त्यात एकाच बाजूची नोंद आहे. आमचं म्हणणं एवढंच की वही काढलीच आहे तर दोन्ही पानं भरा.

आणि प्रेमाने केलेली गोष्ट ओळखायला अवघड नसते. तीन प्रश्न विचारा. ती नाकारता येते का? ‘मला नाही यायचं महाबळेश्वरला, मला दोन दिवस घरी एकटीने झोपायचंय’ असं म्हटलं तर घरात अबोला होतो का? ती दोन्ही बाजूंनी चालते का, म्हणजे तिने केलेलंही त्याला दिसतं का, बोलून दाखवलं जातं का? आणि ती पुढे भांडणात पुरावा म्हणून बाहेर काढली जाते का? या तिन्ही प्रश्नांना जी गोष्ट उतरते ती खुशाल प्रेम म्हणून घ्यावी. बरोबरीच्या माणसांमध्ये दिलेला एक कप चहासुद्धा सुख देतो. पण बरोबरी नसेल तर तोच चहा उपकार होतो, आणि उपकाराची फेड बाईला आयुष्यभर गप्प राहून करावी लागते.

आपण काय करायचं?

आपल्या गटांत हा विषय घ्या, आणि भाषण न करता घ्या. प्रत्येकीने मागच्या सहलीची आठवण काढावी आणि फळ्यावर पाच रकाने आखावेत. कुठे जायचं कुणी ठरवलं? पैसे कुणाच्या हातून गेले? तयारी कुणी केली? तिथे कुणी काय पाहिलं, कुणी काय सांभाळलं? आल्यावर कपडे कुणी धुतले? आमच्या एका गटात हे रकाने भरता भरता दोन तास गेले. आधी हशा झाला, मग शांतता झाली, आणि शेवटी एक जण म्हणाली, ‘म्हणजे मी अजून समुद्र पाहिलेलाच नाही.’ ती तीनदा जाऊन आली होती.

समुपदेशन करणाऱ्या मैत्रिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे. बैठकीत कुणी नवऱ्याच्या चांगुलपणाची यादी वाचायला लागलं तर ती तिथेच थांबवा. तक्रार मारहाणीची असेल तर चर्चा मारहाणीचीच झाली पाहिजे. सहली, साड्या आणि केक हे त्या तक्रारीचं उत्तर होऊ शकत नाहीत. आणि यादी वाचायचीच असेल तर तिचीही यादी त्याच बैठकीत, तेवढाच वेळ देऊन, मोठ्याने वाचली पाहिजे.

आपल्या बोलण्यातली क्रियापदंही बदलूया. ‘ते मला नेतात’च्या ऐवजी ‘आम्ही जातो’ किंवा ‘मी जाते’. ‘मदत करतात’च्या ऐवजी ‘त्यांच्या वाट्याचं काम करतात’, करत असतील तर. करत नसतील तर ते वाक्य बोलूच नका. भाषा बदलल्याने भांडी घासली जाणार नाहीत हे मला कळतं. पण भांडी कुणाची आहेत हे तरी स्पष्ट होईल, आणि भांडण तिथूनच सुरू करता येईल.

एकट्याने, मैत्रिणींबरोबर, कारण न सांगता घराबाहेर पडा. देव आडवा येत नाही, पण दर वेळी त्याला साक्षीला ठेवायची गरज नाही. ‘कशाला चाललीस?’ असं कुणी विचारलं तर ‘उगाच’ म्हणून सांगायला शिका. सुरुवातीला जीभ अडखळते. दोन-चार वेळा म्हटलं की सवय होते.